व्हॅनिला आणि एक अंगठा

आइस्क्रीमच्या दुकानात ‘साधं काय आहे?’ विचारलं की उत्तर ठरलेलं, व्हॅनिला! त्या साध्या चवीमागचा इतिहास वाचल्यापासून मला ते काही साधं वाटत नाही.

व्हॅनिला हा मूळचा मेक्सिकोकडचा, ऑर्किडच्या कुळातला वेल. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला. वेल वाढला, पुढे फुललाही, पण शेंग धरेना. कारण फुलाच्या रचनेत आहे. पराग आणि कुक्षी दोन्ही एकाच फुलात, अगदी जवळजवळ, पण मध्ये एक पातळ पडदा! मेक्सिकोत हे काम तिथल्या माश्या करतात, त्या काही वेलाबरोबर बोटीत चढल्या नव्हत्या. त्यातून फूल उमलतं सकाळी आणि दुपारपर्यंत कोमेजतं.

1836 मध्ये बेल्जियममधल्या लिएज शहरात शार्ल मोरेन या वनस्पतिशास्त्रज्ञाने हाताने परागीकरण करून शेंगा मिळवल्या. पण मळ्यात रोज शेकडो फुलांवर करता येईल अशी युक्ती सापडली ती दूर हिंदी महासागरात, तेव्हा बूर्बों म्हणवणाऱ्या रियुनियन बेटावर. साल 1841. शोधणारा एदमों, वय बारा. जन्मतःच आई गेलेला, गुलाम म्हणून वाढलेला.

त्याचा मालक फेरेओल बेलिये-बोमाँ झाडापेडांचा शौकीन होता. त्याने पोराला भोपळा-कलिंगडाच्या कुळातल्या एका वेलाचं नर फूल मादी फुलाला कसं लावायचं ते दाखवलं होतं. परसात दुधी लावणारे आपल्याकडेही हेच करतात की! पण व्हॅनिलात नर-मादी फुलं वेगळी नाहीत. एदमोंने फूल उघडून नीट पाहिलं, बारीक काडीने तो पडदा वर सारला आणि अंगठ्याने पराग कुक्षीवर दाबला. बस्स, इतकंच! वर्षानुवर्षं वांझ राहिलेल्या वेलाला शेंगा लागल्या. मग त्याला मळ्यामळ्यांत नेऊन इतर गुलामांना ही रीत शिकवायला लावलं. बेटावरचे मळेवाले श्रीमंत झाले.

आणि एदमों? 1848 मध्ये गुलामगिरी संपली तेव्हा कुठे त्याला आल्बियस हे आडनाव मिळालं. मोबदला काहीच नाही. पुढे चोरीच्या आरोपात तुरुंगवास झाला, मुदतीआधी सुटला आणि 1880 मध्ये गरिबीतच वारला.

दरम्यान रिशार नावाच्या एका फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने ‘ही रीत मीच शिकवली’ असा दावा केला. त्याला लेखी विरोध केला तो फेरेओलने. हा शोध त्या मुलाचाच, असं त्याने ठामपणे सांगितलं. मला इथे अडखळायला होतं. ज्याच्या मालकीचा तो माणूस होता, त्याच्याच शब्दावर त्या माणसाचं श्रेय टिकलं! त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करावं, की एदमोंच्या स्वतःच्या शब्दाला किंमत नव्हती याची चीड यावी? मला दोन्ही वाटतं.

आजही मादागास्करपासून दक्षिण भारतातल्या बागांपर्यंत व्हॅनिलाचं फूल न फूल असंच हाताने फळवतात. काडी आणि अंगठा, रीत तीच. साध्या व्हॅनिलाचा पुढचा कप खाताना त्या बारा वर्षांच्या पोराचं नाव एकदा घ्या, एवढंच.