थेट द्वितीय वर्ष अभियांत्रिकी प्रवेश
दहावीनंतर तंत्रनिकेतनातील तीन वर्षांची पदविका पूर्ण करून अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षात प्रवेश घेण्याची पद्धत. बारावी आणि सीईटी दोन्ही टळतात. महाराष्ट्रात पदविकेच्या गुणांवर केंद्रीभूत फेऱ्यांतून जागा मिळते. उदाहरणार्थ, मुंबईच्या गिरणगावातील करी रोडहून धिम्या लोकलने दोन स्थानकांवर भायखळा, तिथे साबू सिद्दीक तंत्रनिकेतन. उलट दिशेला तिसरे स्थानक माटुंगा, तिथे व्हीजेटीआय हे अभियांत्रिकी महाविद्यालय. ही संस्था १८८७ मध्ये भायखळ्यात सुरू झाली व १९२३ मध्ये माटुंग्यात आली. गिरणगावाशी तिचे नाते जुने, वस्त्रोद्योगाच्या शिक्षणातून जुळलेले.

खरी कसोटी दुसऱ्या वर्षाच्या गणितात लागते. लाप्लास रूपांतर शिकवताना पहिल्या वर्षाचे कलनशास्त्र गृहीत धरलेले असते आणि पदविकेत ते त्या खोलीने झालेले नसते. प्रवेशफेऱ्या लांबल्या तर सुरुवातीची व्याख्यानेही बुडतात. कार्यशाळेत मात्र चित्र उलटे असते: यांत्रिकीच्या पदविकाधारकाचा लेथवर हात बसलेला असतो. शिवाय पदवी अर्धवट राहिली, तरी कनिष्ठ अभियंत्याच्या अनेक सरकारी भरतींना पदविका पुरते.