तडा कुणाच्या नावावर?

पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा.

माझी भाची आणि भाचेजावई नेदरलँड्सच्या उत्तर टोकाला ग्रोनिंगन शहरात नोकरीला आहेत. गेल्या मे महिन्यात तीन आठवडे मी त्यांच्याकडे होतो. चौथ्या की पाचव्या दिवशी भाचीने मोबाइलवर एका घराची जाहिरात दाखवली. शहरातून रेल्वेने अर्धा तासही लागत नाही असं लोपरसुम नावाचं गाव आहे, त्याच्या पलीकडचं एक खेडं. १९२३ सालचं विटांचं घर, वर माळा, मागे चार गुंठे परसबाग. शहरातल्या फ्लॅटच्या मानाने किंमत बरीच कमी.

"मामा, तुम्ही पत्रकार. चला ना बघायला. आडवेतिडवे प्रश्न विचारायला कुणीतरी पाहिजे."

"एवढं स्वस्त का गं?"

"भूकंप होतात तिथे."

"केवढे?"

"सगळ्यात मोठा झाला तो ३.६ रिश्टरचा."

मी मोठ्याने हसलो. मित्रांनो, आपण पाटण तालुक्यातले लोक. ३.६ ला आपल्याकडे पांघरूणसुद्धा बाजूला होत नाही. सकाळी चहाच्या टपरीवर "रात्री जाणवला का रे?" एवढंच. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा मोठा धक्का बसला, सुमारे १८० माणसं गेली, माझ्या आजोळची मागची भिंत आख्खी अंगणात पडली, हे ऐकत आपण मोठे झालो. त्यामुळे डच लोक उगीच घाबरतात असं मी तिला ऐकवलं.

ते माझं चुकलं. कसं, ते सांगतो.

घर बघायला जाण्याआधी दोन रात्री मी वाचत बसलो. २२ जुलै १९५९ ला स्लोख्तरेनजवळच्या कोलहाम गावात एका शेतकऱ्याच्या रानात विहीर खोदताना नैसर्गिक वायू लागला. थोडाथोडका नाही. सुमारे २८०० अब्ज घनमीटर, त्या वेळचा युरोपातला सगळ्यात मोठा साठा. काढणारी कंपनी नाम, म्हणजे शेल आणि एसो यांची निम्मी-निम्मी भागीदारी, आणि नफ्यात सिंहाचा वाटा सरकारचा. १९६० चं दशक संपेपर्यंत देशभर नळाने गॅस पोहोचला. कोळशाच्या शेगड्या गेल्या, दक्षिणेकडच्या कोळशाच्या खाणी बंद झाल्या. डच लोकांची आजची सुबत्ता, त्यांच्या पेन्शनी, त्यांचे रस्ते, यात या वायूचा वाटा मोठा आहे. संसदेच्या चौकशी समितीने २०२३ मध्ये आकडा मांडला: सरकारला सुमारे ३६३ अब्ज युरो मिळाले, कंपन्यांना सुमारे ६६ अब्ज.

आता खालची गोष्ट. हा वायू तीन किलोमीटर खोल वाळूच्या दगडात भरलेला होता. तो काढला की दगडातला दाब कमी होतो, वरच्या थरांच्या ओझ्याने दगड आवळतो. जमीन बशीसारखी खचते, लोपरसुमच्या भागात ती फूटभराच्या आसपास खाली गेलीय. आणि दगडात जुन्या भेगा असतील तिथे ती एकदम सरकते. हाच भूकंप. आपल्याकडे धक्क्याचा उगम बराच खोल असतो आणि पायाखाली काळा कातळ आहे. तिथे उगम जेमतेम तीन किलोमीटरवर आणि वर मऊ चिकणमाती. त्यामुळे आकडा लहान, पण घर हलतं भरपूर. शिवाय ती घरं भूकंपाच्या प्रदेशात बांधलीच नव्हती. बांधली तेव्हा तिथे भूकंप नव्हता!

१९८६ मध्ये आसेन शहराजवळ पहिला धक्का नोंदला गेला. मेंट फान डर स्लाउस नावाच्या भूगोलतज्ज्ञाने तेव्हाच सांगितलं की हा वायू उपशाचा परिणाम आहे. त्याची टिंगल झाली. १९९३ मध्ये सरकारी अभ्यासाने संबंध मान्य केला, पण धक्के लहानच राहतील असं सांगत काम चालू. १६ ऑगस्ट २०१२ ला हाउझिंगे या छोट्या खेड्याजवळ तो ३.६ चा धक्का बसला. जानेवारी २०१३ मध्ये खाणींवर देखरेख करणाऱ्या त्यांच्याच सरकारी खात्याने सल्ला दिला, उपसा लवकरात लवकर कमी करा. आणि त्या २०१३ सालात उपसा किती झाला? सुमारे ५४ अब्ज घनमीटर. आधीच्या वर्षापेक्षा जास्त! हे वाचून मी लॅपटॉप मिटला. बातमीदारीत वीस वर्षं घालवल्यावर काही गोष्टी देश बदलला तरी ओळखीच्या वाटतात.

तर शनिवारी आम्ही घर बघायला गेलो.

आधी गावाबद्दल. त्या भागातली जुनी खेडी माणसांनी रचलेल्या टेकाडांवर आहेत. त्याला ते 'वीरडे' म्हणतात. बांध नव्हते तेव्हा समुद्र भरतीला थेट आत यायचा. म्हणून सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीपासून लोकांनी शेण, माती, राख, कचरा टाकत टाकत टेकाड उंच केलं आणि वर घरं बांधली. मधोमध चर्च. आपल्या जुन्या गावठाणाच्या पांढरीसारखंच हे. आणि पांढरीची माती जशी आपण खत म्हणून शेतात नेली, तशी त्यांनीही एकोणिसाव्या शतकात टेकाडं पोखरून माती बोटी भरभरून विकली. काही गावांत चर्चच्या बाजूने कडा तुटल्यासारखी जमीन दिसते ती त्यामुळे. घर घेताना याचा उपयोग असा, की घर टेकाडावर आहे की खालच्या सखल भागात, हे बघायचं. तिथे प्रत्येक जागेची समुद्रसपाटीपासूनची उंची सरकारी नकाशावर कुणालाही फुकट दिसते. आमचं घर उताराला होतं, अगदी तळाला नव्हतं. बरं वाटलं.

रस्त्यावर मात्र चित्र वेगळं. डाव्या हाताला तीन घरं करकरीत नवी, पाडून पुन्हा बांधलेली. समोर एका घराच्या भिंतीला जाडजूड लाकडी टेकू. त्याच्या शेजारचं जुनं घर तसंच, फक्त विटांच्या सांध्यात नवा माल भरलेला. एकाच गल्लीत एकाला नवं घर, दुसऱ्याला डागडुजी, तिसऱ्याला नुसतं पत्र. कुठल्या वर्षी कुठला नियम लागू होता त्यावर हे ठरलं. शेजाऱ्याशेजाऱ्यांत यावरून अबोला धरला गेलाय, असं आम्हाला तिथेच एका आजोबांनी सांगितलं. भाचीने मराठीत विचारलं, "मामा, घर बघायचं की गल्ली?" मी म्हटलं, आधी गल्ली.

दुकान बंद झालेलं. शाळा शेजारच्या मोठ्या गावात. गावाचं सभागृह चालू होतं, दारावर आठवड्याचे कार्यक्रम लावलेले. चर्च तेराव्या शतकातलं, डागडुजी चांगली.

हे घर म्हणजे शेतमजुराचं घर. १९१८ साली तिथे एक कायदा झाला, त्यातून मजुरांना सरकारी कर्जावर छोटं घर आणि पोटापुरती भाजी-बटाटा पिकवायला जमीन मिळू लागली. त्याआधी मजूर मालकाच्या जागेत राहायचा, काम सुटलं की छप्पर सुटायचं. हे चार गुंठे परस म्हणजे हौसेची बाग नाही, ती एका कुटुंबाची मोकळीक होती. युद्धानंतर ट्रॅक्टर आले, मजूर शहरात गेले, आणि ही घरं शहरातल्या लोकांना 'टुमदार' वाटू लागली.

भिंत एका विटेची, भरीव. मध्ये पोकळी सोडून दुहेरी भिंत बांधायची पद्धत त्या काळात नुकती येत होती, मजुराच्या घरात ती कुठून असणार? सांधे चुन्याचे. पाया उथळ, चिकणमातीवर थेट ठेवलेला. डच भाषेत अशा पायाला जो शब्द आहे तो ऐकायला 'स्टील'सारखा आहे. मी आनंदून म्हटलं, वा, स्टीलचा पाया! मध्यस्थ हसला. त्या शब्दाचा अर्थ घट्ट जमीन, लोखंडाशी संबंध नाही. ॲमस्टरडॅमकडच्या जुन्या घरांखाली लाकडी खांब असतात, पाण्याची पातळी उतरली की ते कुजतात. इथे ती भीती नाही, इथे माती फुगण्या-आकसण्याची.

मी आपल्या पद्धतीने बघत गेलो. खिडकीच्या कोपऱ्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी तिरका गेलेला तडा. त्यावर ताजा रंग. आतलं एक दार वरून रंधलेलं, म्हणजे चौकट कधीतरी तिरकी झाली. लाकडी जमिनीखालच्या पोकळीत बॅटरी टाकली, वास कोंदट पण पाणी नव्हतं. मागच्या शेडवर नालीदार सिमेंटचे पत्रे. तिथे ॲस्बेस्टॉसवर १९९३ पासून बंदी आहे, त्याआधीचा पत्रा असला तर काढायचा खर्च घेणाऱ्याच्या डोक्यावर. १९६० च्या आधीचं घर म्हणून पाण्याचे नळ शिशाचे आहेत का तेही विचारलं, बदललेले निघाले. ऊर्जेचा दाखला 'जी', म्हणजे शेवटून पहिला. स्वस्त गॅस पायाखालीच होता, मग भिंतीला ऊब कशाला द्यायची?

आता त्या तिरक्या तड्यापाशी येतो, कारण सगळा सौदा तिथे अडला होता.

तडा कशाने पडला? गॅसच्या भूकंपाने? २०१८ च्या कडक उन्हाळ्यात माती आकसली त्याने? शेतीसाठी पाण्याची पातळी उतरवली त्याने? की शंभर वर्षांच्या म्हातारपणाने? भिंतीकडे बघून ठामपणे सांगता येत नाही. इतकी वर्षं ते सिद्ध करायचं कुणी? घरवाल्याने. आणि निवाडा कोण देणार? २०१७ च्या मार्चपर्यंत नुकसानीच्या अर्जांचं काम नाम कंपनीच बघत होती. म्हणजे ज्याच्यावर आरोप, पंचनामा त्याचाच.

मग २०१६ च्या अखेरीला कायदा उलटा झाला. त्या भागात, अशा प्रकारचं नुकसान दिसलं तर ते वायू उपशामुळेच झालं असं धरून चालायचं. नाही म्हणायचं असेल तर दुसऱ्या बाजूने सिद्ध करायचं. पुढे २०२० पासून भरपाईचं काम स्वतंत्र सरकारी संस्थेकडे गेलं. १ ऑक्टोबर २०२३ ला उपसा थांबला, एप्रिल २०२४ मध्ये तो कायद्याने कायमचा बंद झाला. जमिनीखालचा दाब सारखा व्हायला मात्र वर्षं लागतील, तोवर धक्के येत राहणार.

कोयनेच्या लोकांनी इथे जरा थांबावं. आपल्या भूकंपांना जलाशय कारणीभूत आहे हे जगभरचे शास्त्रज्ञ उदाहरण म्हणून शिकवतात. पारावर वाद अजून चालतो. पण माझ्या आजोबांना भिंत पडल्यावर "कारण सिद्ध करून आण" असंही कुणी म्हटलं नाही आणि "तुला सिद्ध करायची गरज नाही" असंही नाही. त्यांनी दगड गोळा केले आणि भिंत पुन्हा रचली. मी ३.६ ला हसलो तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मग मी मध्यस्थाला तीन प्रश्न विचारले, भाचीने डचमध्ये सांगितले. एक, या तड्याची भरपाई आधीच्या मालकाने घेतली आहे का, आणि घेतली असेल तर काम केलं की पैसे ठेवले? दोन, किंमत घटल्याची भरपाई कुणाला मिळाली? ती त्या काळच्या मालकाला मिळते. नव्या माणसाने स्वस्तात घेतलं, त्याला पुन्हा नाही. तीन, घर मजबुतीकरणाच्या यादीत आहे का, आणि तपासणीत काय निघालं? मध्यस्थ जरा गंभीर झाला. म्हणाला, मालकीणबाईंकडे फाइल आहे, मागून घेतो.

एक गोष्ट आणखी सांगतो. तिथे जुन्या घराच्या करारात एक 'वयाचं कलम' घालतात. घर इतकं जुनं आहे, नव्या घरासारखी अपेक्षा ठेवू नये, असं लिहून घेणाऱ्याची सही घेतात. विकणाऱ्याने माहीत असलेला दोष सांगायचा, हे बंधन आहेच. पण शोधायची जबाबदारी घेणाऱ्याचीही आहे. सही झाल्यावर घेणाऱ्याला तीन दिवस मिळतात, कारण न देता माघार घेता येते. (आपल्याकडे विसार दिला की माणूस घामाघूम होतो.) भाचेजावयांना तेवढ्यावर भरवसा नव्हता. इंजिनिअरच्या तपासणीनंतरच सौदा पक्का, अशी अट घालूनच बोली लावायची, असं ठरलं.

मी परत आल्यावर दहा दिवसांनी भाचीचा व्हिडिओ कॉल आला. मालकीणबाईंनी फाइल दिली होती. फाइल कसली, बुटांचा जुना खोका. २०१३ पासूनची पत्रं, फोटो, तड्याशेजारी धरलेली मोजपट्टी, दोन वेगवेगळ्या तज्ज्ञांचे दोन वेगळे अहवाल. एकात लिहिलेलं, तडा मातीमुळे. दुसऱ्यात, भूकंपामुळे. भरपाई २०२१ मध्ये मिळालेली, डागडुजीची बिलं जोडलेली. मजबुतीकरणाच्या तपासणीत घर सुरक्षित ठरल्याचं पत्रही.

"मामा, बाईंनी एक कागद माझ्या हातात वेगळा दिला. त्यांच्या यजमानांनी पेन्सिलीने तड्यावर तारखा टाकल्या होत्या, त्याचा फोटो. रंगाच्या खाली आहेत म्हणाल्या."

बोली लावली आहे. इंजिनिअर पुढच्या गुरुवारी जाणार आहे. मी भाचीला सांगितलंय, त्याला आधी ते रंधलेलं दार दाखव.