मोत्यांनंतर तेल

जुन्या मराठी घरांतल्या नथीत बसरा मोती असे. नाव बसऱ्याचे असले, तरी हे मोती मुख्यतः बहरीन, कुवेत, कतार आणि आजच्या अमिरातींच्या किनाऱ्यालगतच्या समुद्रतळातून येत. त्यांची मोठी बाजारपेठ मुंबई होती. आखाती व्यापाऱ्यांच्या पेढ्या इथे होत्या आणि तिकडच्या बाजारात आपला रुपया चाले. तेल निर्यात करणाऱ्या देशांच्या आजच्या पेचाविषयी वाचताना मी वारंवार या मोत्यांकडे वळतो. एकाच मालावर जगणाऱ्या प्रदेशाचे गिऱ्हाईक आटले की काय होते, हे आखाताने एकदा भोगले आहे.

जपानमध्ये मिकिमोतो कोकिची यांनी १८९३ साली शिंपल्यात अर्धगोल मोती घडवून दाखवला. १९२० च्या दशकात गोल संवर्धित मोती युरोपच्या बाजारात पोहोचले आणि १९२९ च्या मंदीने श्रीमंतांची खरेदीही आखडली. भाव कोसळले. झळ मात्र सर्वांना सारखी बसली नाही. पाणबुडे नाखव्याकडून उचल घेऊन हंगामाला जात. भाव पडला तरी उचल डोक्यावर राहतच असे. कित्येकदा बापाचे कर्ज मुलाकडे येई. बहरीनने संवर्धित मोत्यांच्या व्यापाराला आपल्या भूमीवर बंदी केली, पण तेवढ्याने जगाची बाजारपेठ परत आली नाही.

बहरीनमध्ये १९३२ साली आणि कुवेतमध्ये १९३८ साली तेल लागले. ही सुटका नशिबाने झाली, नियोजनाने नव्हे. तरीही कुवेतने १९५३ मध्ये, स्वातंत्र्याच्या आठ वर्षे आधी, तेलाच्या पैशातील शिल्लक गुंतवण्यासाठी लंडनमध्ये मंडळ स्थापन केले. मोत्यांची पडझड पाहिलेली पिढीच तेव्हा कारभारात होती. या दोन गोष्टींचा संबंध असावा, असे माझे अनुमान आहे.

आता हवामानविषयक करारांकडे वळू. १९९२ च्या संयुक्त राष्ट्र हवामान आराखडा कराराच्या चौथ्या कलमातील आठवा परिच्छेद मुद्दाम वाचावा असा आहे. ज्यांच्या गरजांकडे विशेष लक्ष द्यावे, अशा देशांचे नऊ प्रकार त्यात दिले आहेत. पहिला प्रकार छोट्या बेटांच्या देशांचा. आठव्या प्रकारात खनिज इंधनांच्या उत्पन्नावर मोठ्या प्रमाणात अवलंबून असलेले देश येतात. म्हणजे समुद्र चढल्यामुळे बुडणारे आणि ज्या इंधनामुळे तो चढतो ते विकणारे एकाच यादीत आले. सौदी अरेबियासह ओपेकच्या देशांनी मागणी घटल्याने होणाऱ्या नुकसानीचा मुद्दा पुढे वर्षानुवर्षे लावून धरला. १९९७ च्या क्योटो करारातही त्याला जागा मिळाली. डिसेंबर २०२३ मध्ये दुबईच्या परिषदेत खनिज इंधनांपासून दूर जाण्याचा उल्लेख प्रथमच ठरावात आला. त्याआधी काही दिवस ओपेकच्या सरचिटणीसांनी सदस्य देशांना इंधनांवर रोख धरणारा मजकूर नाकारण्याचे आवाहन केले होते.

ही नुकसानभरपाईची मागणी हास्यास्पद म्हणून उडवून लावणे सोपे आहे. मला ती अपुरी वाटते, कारण ती देशाच्या नावाने मांडली जाते आणि देशातला माणूस तिच्यात दिसत नाही. कुवेतकडे सात दशकांची गुंतवणूक आहे. नॉर्वेने १९९० मध्ये कायदा करून निधी उभारला. इराकची लोकसंख्या चार कोटींहून अधिक आहे आणि त्याच्या सरकारी उत्पन्नाचा सुमारे ९० टक्के भाग तेलातून येतो. तिथे शिक्षकाचा पगार आणि निवृत्ताची पेन्शन तेलाच्या भावाला बांधलेली आहे. मोत्यांच्या काळात पेढीवाल्याकडे दुसरा धंदा असू शकत होता, पाणबुड्याकडे नव्हता. आज निधी असलेला देश पेढीवाल्याच्या जागी आहे आणि इराक, नायजेरिया, अंगोला पाणबुड्याच्या.

फरक एका गोष्टीत आहे. पाणबुड्याला कोणी आगाऊ सूचना दिली नव्हती; तेलाच्या बाबतीत ती १९९२ पासून लेखी आहे. इराकचे बहुतेक तेल आज बसऱ्याच्याच बंदरांतून जहाजांवर चढते आणि त्याचा मोठा वाटा भारतीय शुद्धीकरण कारखाने विकत घेतात. बसऱ्याचे नाव पुन्हा आपल्या खरेदीच्या वहीत आहे. विजेवर चालणारी वाहने वाढतील तशी ही खरेदी घटेल आणि ती घटायलाही हवी. मात्र त्या घटीचा हिशेब मांडताना मोत्यांच्या वेळी कोणीच न धरलेली रक्कम, म्हणजे पाणबुड्याची उचल, या वेळी पहिल्या ओळीत लिहिली गेली पाहिजे.