दोन काळे गोल

आजचा भाग माझ्या भाच्यामुळे सुचला. तो शेवगाव तालुक्यात जन्मला आणि दुसऱ्याच दिवशी हिरव्या उलट्या करायला लागला. "दूध पचत नसेल, होईल बरं," असं घरात सगळेच म्हणाले, मीसुद्धा. ताईनं हट्ट धरला म्हणून पोटाचा एक्स-रे निघाला. डॉक्टरांनी फिल्म उजेडावर धरली. हवेचे दोन काळे गोल, एक मोठा, एक लहान, त्याखाली काहीच नाही. त्याच रात्री आम्ही पुण्याच्या रस्त्याला लागलो.

मोठा गोल म्हणजे जठर, लहान म्हणजे लहान आतड्याची सुरुवात. तिथंच वाट बंद होती. बाळ जन्मल्याबरोबर हवा गिळायला लागतं आणि साधारण दिवसाभरात ती आतड्याच्या शेवटापर्यंत पोचते. एक्स-रेत हवा काळी दिसते. आमच्या भाषेत सांगायचं तर पॅकेट कुठं अडकलं ते लॉगमध्ये दिसतं.

हा आजार 1733 मध्ये काल्डर यांनी नोंदवला होता. पण यशस्वी शस्त्रक्रियेची पहिली नोंद विडाल यांची, 1905 ची. मध्ये पावणेदोनशे वर्षं गेली! क्ष-किरणच मुळी रोंटगेनना 1895 मध्ये सापडले.

1930 मध्ये अमेरिकेत वांगनस्टीन आणि राइस यांनी शीची जागाच नसलेल्या बाळांसाठी युक्ती काढली. बाळाला उलटं धरायचं, हवा वर चढते, आणि जिथं थांबते तिथून त्वचेवरच्या खुणेपर्यंतचं अंतर मोजायचं. फार घाई केली तर हवा पोचलेलीच नसते आणि फिल्म फसवते. शिवाय उलटं टांगलेलं बाळ रडणारच. 1983 मध्ये नरसिंहराव आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बाळाला पालथं निजवून, कंबर उंच ठेवून, बाजूनं फोटो काढला तरी तेच कळतं. काम आपल्याच देशातलं, चंदीगडचं. मला हे वाचून बरं वाटलं.

एक मात्र ध्यानात ठेवा. आतड्याला पीळ पडला असेल तर सुरुवातीचा एक्स-रे जवळजवळ नॉर्मलही दिसू शकतो. हिरवी उलटी दिसली की फिल्म काहीही म्हणो, बाळाला लगेच सर्जनकडे न्यायचं.

म्हणजे पहिली नजर घरातलीच. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला 1970 पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावातल्या बायकांनाच आरोग्याचं शिक्षण दिलं, त्यातल्या कितीतरी जणी निरक्षर होत्या.

ताई बारावी शिकलेली. का हट्ट धरलास विचारलं तर म्हणाली, "अरे, रंगच बरा नव्हता."