नाणेघाटातील बाक

नवे उपाहारगृह सजवताना मालकाला दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात : गिऱ्हाईक कोठे बसेल, आणि बसल्यावर त्याच्या नजरेसमोर काय असेल. जुन्नर तालुक्यातील घाटघरजवळ, नाणेघाटाच्या लेण्यात, हाच विचार सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी झालेला दिसतो.

कोकणातून घाट चढून आलेल्या वाटसरूला टेकता यावे असे दगडी बाक तिन्ही बाजूंनी आहेत. डाव्या-उजव्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेख आहे. त्यात अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची आणि दक्षिणेतील गायी, घोडे, हत्ती, कार्षापणे यांची मोजदाद आहे. मागच्या भिंतीवर सिमुक, नागनिका, सातकर्णी आदी सातवाहन राजकुलाच्या मूर्ती होत्या. ज्याला लेख वाचता येत नसे, त्याच्यासाठी त्या पुरेशा होत्या. विसावा मिळे, पण तो राजसत्तेच्या नजरेखाली, असे आम्हांस वाटते.

आज मूर्तींची नावे आणि पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत. कर्नल साइक्स यांनी १८२८ साली हा लेख पाहिला. तेव्हापासून तो ग्रंथांतून वाचला जातो. आम्हीही तो तसाच वाचतो, आणि त्याच्या पायाशी असलेले बाक विसरतो. लेख कोरणाऱ्याने मात्र वाचक तेथे बसलेला गृहीत धरला होता.