सांगलीच्या द्राक्षाची वाइन का झाली नाही?

कराडजवळच्या एका शाळेत नववीला शिकवत असताना एका मुलाने मला विचारले, "सर, सांग्रिया हे सांगलीचे काही असते का?" वर्ग हसला. हा शब्द त्याने कुठल्याशा चित्रपटात ऐकला होता. सांग्रियाचा सांगलीशी काही संबंध नाही, स्पॅनिश भाषेत 'सांग्रे' म्हणजे रक्त आणि त्या लाल रंगावरून हे नाव आले, एवढे मी सांगितले. रेड वाइनमध्ये ताजी फळे घालून ते करतात हेही सांगितले. त्यावर त्याचा पुढचा प्रश्न आला. "तासगावला मामाची बाग आहे. तिथे एवढी द्राक्षे, पण सगळे बेदाणाच करतात. वाइन का नाही करत?"

त्या तासाला मला नीट उत्तर देता आले नाही. दारूबंदीचा कायदा आहे म्हणून, असे सांगून मी वेळ मारून नेली. ते खोटे नव्हते. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे, मग ते घरच्या द्राक्षांचे का असेना. पण परवाने मिळू लागल्यावरही सांगलीची बहुतेक द्राक्षे वाइनकडे वळली नाहीत, तेव्हा खरे उत्तर कायद्यात नव्हते. ते फळातच शोधायला हवे होते.

सांग्रियापासूनच सुरुवात करू. रेड वाइनमध्ये संत्र्या-लिंबाच्या चकत्या, सफरचंदाच्या किंवा पीचच्या फोडी आणि साखर घालायची व काही तास गार जागी मुरू द्यायचे, एवढीच कृती. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीही त्यात खपून जाईल. साखर लावलेल्या फोडींना पाणी सुटते ते परासरणामुळे. वाइनमधले अल्कोहोल पेशींची पटले सैल करते, मग फळांचा सुगंध वाइनमध्ये उतरतो आणि वाइनचा रंग फोडींना चढतो. युरोपीय संघाने २०१४ मध्ये नियम करून सांग्रिया हे नाव स्पेन आणि पोर्तुगालच्या पेयासाठी राखून ठेवले आहे. मद्यात फळांचा रस मिसळण्याची रीत मात्र आपल्या किनाऱ्यालाही नवी नव्हती. इंग्रजीतला 'पंच' हा पेयवाचक शब्द आपल्या 'पाच'वरून, म्हणजे त्यातल्या पाच जिनसांवरून आला, असे १६७० च्या दशकात इकडे आलेल्या जॉन फ्रायर या इंग्रज डॉक्टराने लिहून ठेवले आहे.

आता त्या लाल रंगाकडे येऊ. तो द्राक्षाच्या रसात नसतो, सालीत असतो. वर्गात हे सहज दाखवता येते. काळे द्राक्ष सोलून त्याचा गर चिरडा. रस जवळजवळ बिनरंगी निघतो. उरलेल्या साली कोमट पाण्यात चुरगळल्या की पाणी जांभळे होते. त्यात लिंबू पिळले की लाल रंग येतो आणि खाण्याचा सोडा टाकला की रंग निळसर-हिरव्याकडे झुकतो. या रंगद्रव्याचे नाव अँथोसायनिन. सांग्रियात लिंबू-संत्रे घातल्यावर रंग अधिक खुलतो तो यामुळेच. रेड वाइन करताना रस सालींसह आंबवतात. सालींतून रंग येतो, आणि साली व बिया या दोन्हींतून तुरट टॅनिन येते.

मामाच्या बागेतले द्राक्ष हिरवट-पिवळे आणि बिनबियांचे. म्हणजे रंगही नाही आणि बीही नाही. त्याची रेड वाइन होणारच नाही. पण उत्तर इथेही संपत नाही, कारण याच जातीची साधी पांढरी वाइन कॅलिफोर्नियात वर्षानुवर्षे झाली आहे.

ही जात म्हणजे थॉमसन सीडलेस. विल्यम थॉमसन या इंग्लंडहून आलेल्या शेतकऱ्याने १८७२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका रोपवाटिकेतून तिच्या काड्या मागवून कॅलिफोर्नियात लावल्या, म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. मूळची ती तुर्कस्तान-इराणकडची सुलताना किंवा किशमिश. नावच सांगते की ती सुकवण्यासाठी नावाजलेली होती. महाराष्ट्रात तिचा प्रसार १९६० नंतर झाला. पुढे तासगाव तालुक्यातल्या बोरगावच्या आरवे यांच्या बागेत तिचा एक निराळा फुटवा निवडला गेला. त्याला 'तास-ए-गणेश' म्हणतात, म्हणजे तासगाव आणि तिथला गणपती दोघेही त्या नावात आहेत.

तशी दख्खनला द्राक्षवेल नवी नाही. चौदाव्या शतकात इब्न बतूताने लिहिले आहे की दौलताबादला द्राक्षे आणि डाळिंबे होतात आणि ती वर्षातून दोनदा येतात. थंड देशातला वेल हिवाळ्यात पाने टाकून झोपतो. आपल्याकडे त्याला झोप अशी लागतच नाही, म्हणून बागायतदार त्याची दोनदा छाटणी करतो. एप्रिलमधल्या खरड छाटणीनंतर नव्या काड्यांवर फळ देणारे डोळे तयार होतात, आणि ऑक्टोबरच्या सुमाराच्या फळछाटणीनंतर घड बाहेर पडतात. दोन पिके घेण्याऐवजी एकच घेणारे हे तंत्र आहे.

बी नसण्याची एक किंमत असते. वाढणाऱ्या बीमधून जिबरेलिन हे संप्रेरक पाझरते आणि मणी फुगतो. थॉमसनमध्ये बी धरते, पण लहानपणीच मरते, त्यामुळे मणी बारीक राहतो. हे संप्रेरक सापडले ते जपानी शास्त्रज्ञांना, भाताच्या एका रोगात. रोपे वेड्यासारखी उंच वाढून कोलमडत. १९२६ मध्ये कुरोसावा यांनी दाखवले की बुरशीच्या स्रावाने हे घडते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात तेच द्रव्य द्राक्षावर फवारले गेले आणि पुढे ते तासगावच्या शेतकऱ्याच्या तोंडी 'जीए' म्हणून रुळले. अशा गोष्टी बांधावर पोहोचवण्यात गारगोटीच्या मौनी विद्यापीठातले गणिताचे शिक्षक श्री. अ. दाभोळकर यांच्या प्रयोग परिवाराचा वाटा मोठा आहे. वेलाच्या पानांचे क्षेत्रफळ आणि त्यावर पडणारे ऊन यांचा हिशेब शेतकऱ्यांनी स्वतः करावा, निरीक्षणे एकमेकांना कळवावीत, हा त्यांचा आग्रह. शिक्षकाने शाळेबाहेर काय करावे याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

फळ तयार होते फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. माझ्या मते मुख्य उत्तर या तीन महिन्यांत आहे. ऊन वाढत जाते तशी मण्यातली साखर वाढते, पण त्यातले मॅलिक आम्ल श्वसनात खर्च होते. वाइनला आम्ल हवे असते, म्हणून तिला थंड रात्री मानवतात. तासगाव, कवठेमहांकाळ, जत या भागात त्या वेळी असते ती कोरडी, तापलेली हवा. वाइनला ती गैरसोयीची, पण सुकवण्यासाठी तिच्यासारखी दुसरी नाही.

वाइन आणि बेदाणा ही एकाच अडचणीवरची दोन उत्तरे आहेत. द्राक्ष टिकत नाही. पाश्चरने १८७८ मध्ये आर्ब्वा या गावी आपल्या वेलींवर काचघरे उभारली आणि घड कापसात गुंडाळून ठेवले. त्या घडांचा रस आंबला नाही. आंबवणारा यीस्ट बाहेरून येऊन फळावर बसतो, हे त्याला सिद्ध करायचे होते. आता आपल्याला माहीत आहे की धडधाकट मण्यावर हा यीस्ट फारच थोडा असतो. मणी फुटला, त्यावर गांधीलमाशी किंवा चिलट बसले, की तो वाढतो. वाइन करणारा त्याला मुद्दाम काम देतो, तर बेदाणा करणारा पाणी काढून घेऊन त्याला उपाशी ठेवतो.

हे पाणी काढणे वाटते तेवढे सोपे नाही, कारण मण्यावर मेणासारखा पांढरट थर असतो आणि तो पाणी अडवतो. इसवी सनाच्या पहिल्या शतकात कोलुमेला या रोमन लेखकाने त्यावर उपाय लिहिला होता, की घड राखेच्या उकळत्या क्षारपाण्यात थोडे तेल घालून बुडवावेत. आज सांगलीचा शेतकरी पोटॅशियम कार्बोनेट आणि 'डिपिंग ऑइल' म्हणजे एथिल ओलिएट यांच्या पाण्यात घड बुडवतो. त्याने मेणाची रचना विस्कटते आणि पाण्याला वाट मिळते. मग शेडमधल्या जाळ्यांवर, सावलीत, साधारण पंधरवड्यात बेदाणा होतो. थेट उन्हात तो तपकिरी पडतो.

हिशेबही वर्गात करून घ्यावा. एक किलो द्राक्षात पाणी सोडून सुमारे २३० ग्रॅम ऐवज असतो. बेदाण्यात १५ टक्के पाणी ठेवायचे, तर २३० भागिले ०.८५ म्हणजे २७० ग्रॅम. देठ, गळ, खराब मणी धरले की 'चार किलोला एक किलो' हा शेतकऱ्यांचा तोंडी आडाखा जुळतो.

शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर फरक आणखी स्पष्ट होतो. बेदाणा त्याला स्वतःच्या शेडमध्ये करता येतो, शीतगृहात ठेवता येतो आणि तासगाव-सांगलीच्या सौद्यांत भाव येईपर्यंत थांबता येते. वाइनला कारखाना लागतो, परवाना लागतो, वेगळ्या जातीची बाग लागते आणि तो माल खायला कोणी घेत नाही. राज्याने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आणले आणि नाशिकजवळ विंचूर व सांगलीत पलूस इथे वाइन पार्क ठरवले. विंचूरच्या बाजूने व्यवसाय वाढला, पलूस मागे राहिले. २००८ नंतरच्या मंदीत कारखान्यांनी उचल कमी केली, तेव्हा वाइनच्या जाती लावलेल्या अनेकांनी, मुख्यतः नाशिककडे, वेल उपटून टाकले. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाइन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हा शेतकऱ्यांच्या हिताचे कारण दिले गेले. त्याला जोरदार विरोध झाला. ज्या घरांनी दारूचा मार खाल्ला आहे त्यांचा विरोध मला समजतो, आणि सांगलीच्या थॉमसनवाल्याला त्या निर्णयाने फारसे काही मिळणार नव्हते हेही खरे. दरम्यान २०१६ पर्यंत सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळून गेले होते.

बेदाण्याचा मार्ग निर्धोक आहे असे नाही. मार्चमध्ये एक अवकाळी पाऊस झाला, हवा दमट झाली, की जाळीवरचा माल काळा पडतो. मामाच्या शेडवर एका वर्षी हेच झाले होते.

त्या मुलाने नंतर मामाकडून डिपिंगचे पाणी बाटलीत भरून आणले. आम्ही दोन घड घेतले, एक बुडवला, एक तसाच ठेवला आणि दोन्ही खिडकीशी टांगून रोज तागडीवर तोलले. बुडवलेला आठवड्यातच सुरकुतला. न बुडवलेल्यातले तीन मणी फुटले होते. त्यांना आंबूस वास येऊ लागला आणि भोवती चिलटे घोंगावू लागली. "सर, ह्यांची वाइन झाली," तो म्हणाला. मी वास घेऊन पाहिला. वाइनच्या पुढे जाऊन त्यांचे व्हिनेगर व्हायला लागले होते.