तळटीप : चारकोपचा जुना संगणक

१७. ‘नवा संगणक आला तरी जुना मोडीत काढला नाही’ : १९८५ साली जागतिक बँकेच्या साहाय्याने सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात म्हाडाने चारकोपला छोटे भूखंड दिले. लेखकाने वर्णिलेले डीटीपीचे दुकान तिथल्याच एका बैठ्या घरात आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी मराठी पुस्तके बहुधा पेजमेकरमध्ये श्रीलिपी, आकृती किंवा सी-डॅकच्या आयएसएमचे फॉन्ट वापरून जुळवली जात. या फाइलींत आकारांचे क्रमांक साठवलेले असतात. नेमका तोच फॉन्ट नसेल तर पानभर निरर्थक चिन्हे दिसतात. पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ सालची. ६४-बिट विंडोजवर १६-बिट प्रोग्राम चालत नाहीत, आणि विंडोज ११ केवळ ६४-बिटच आहे. फॉन्ट-सॉफ्टवेअर चालण्यासाठी लागणारी परवाना-किल्ली, म्हणजे जुने डाँगल, ज्या प्रिंटर पोर्टला लावत, तेही नव्या संगणकांना सहसा नसते. ‘कंपॅटिबिलिटी मोड’ने कधीकधी काम भागते. अधिक भरवशाचा मार्ग म्हणजे व्हर्च्युअल मशीन : नव्या संगणकातच विंडोज एक्सपी बसवून फाइल उघडायची. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ रोजी थांबली, म्हणून त्याला इंटरनेट जोडू नये. तिथून मजकूर काढून त्या फॉन्टच्या कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणावा आणि छापील प्रतीशी ओळ न ओळ ताडावा; रफार, जोडाक्षरे आणि पहिली वेलांटी यांत चुका राहतात. ज्या प्रकाशकांकडे अशा फाइली आहेत त्यांनी जुनी यंत्रे चालू आहेत तोवर हे काम उरकावे.